शिबिरातली चिठ्ठी पुढे कुठे जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की सोलापुरात स्तनकर्करोग तपासणी शिबिरांचे फलक लागतात. नंतर ‘इतक्या महिलांची तपासणी’ अशी बातमी येते. त्यातल्या कितीजणींना पुढे पाठवलं आणि किती पोहोचल्या, हे कधीच वाचायला मिळत नाही.

माझी मावशी विड्या वळते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात तिच्या छातीत गाठ लागली. हातात चिठ्ठी दिली ती इंग्रजीत. कुठे जायचं, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं, काहीच नाही. मावशीला तेलुगू वाचता येतं, थोडं मराठी. तिने चिठ्ठी घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवली. मजुरी हजार विड्यांवर. दवाखान्यात दिवस गेला की त्या दिवशीचं सूप रिकामं. सात महिन्यांनी दुखायला लागलं तेव्हा ती चिठ्ठी माझ्या हाती आली. तोवर काखेतही गाठ आली होती. मावशी आज आहे, पण फार सोसलं तिने. शिबिराच्या वहीत ती अजून ‘तपासणी झाली’ याच रकान्यात असेल.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी ठरलेली आहे. ही तपासणी कमी प्रतीची समजू नये. टाटा रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गटाला प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलं, त्यातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हात शिकवलेले होते, फेऱ्या ठरलेल्या होत्या. आमच्याकडच्या शिबिरात तपासणारीला कुणी, किती दिवस शिकवलं, हे विचारायचीही सोय नाही.

आणि बार्शी तर आपल्याच जिल्ह्यात. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ पासून चालते. गावोगाव फिरून एकेक रुग्ण शोधायची रीत ज्या जिल्ह्याने घालून दिली, तिथल्या शहरात चिठ्ठी घेतलेली बाई सापडू नये?

महापालिकेला विनंती आहे की चिठ्ठी मराठीत आणि तेलुगूत असावी, तीवर ओपीडीचा वार, खोली आणि फोन नंबर असावा. पंधरा दिवसांत बाई पोहोचली नाही तर आशाताईंनी घरी जावं, त्या फेरीचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा. कितीजणींना पाठवलं, किती पोहोचल्या, अहवाल किती दिवसांत मिळाला, हे दर महिन्याला जाहीर व्हावं. एवढी तयारी नसेल त्या संस्थेला शिबिराची परवानगी देऊ नये.

– एक वाचक, विडी घरकुल, कुंभारी (सोलापूर)