रविवारच्या फोननंतर

प्रिय आई, बाबा,

रविवारी बाबा म्हणाले ‘सोड ते बातम्यांचं, एखाद्या कंपनीत लिहायचं काम बघ’ आणि आई मागून ओरडत होती की आधी ती जेवली का ते विचारा. माझा आवाज चढला, सॉरी. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय.

आई, तुझी भीती मला कळते गं. 2023 च्या फेब्रुवारीत आपल्या राजापुरातच पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली घातलं, रिफायनरीच्या एका समर्थकाबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. त्या रात्री तू मला तीन वेळा फोन केला होतास. आपल्याकडे पत्रकारांवर हल्ला करणाऱ्यांसाठी 2017 चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तरी हे झालं. आणि केस घालणारं सरकारच असेल तर हा कायदा काय कामाचा?

सिद्दीक कप्पन आठवतात का? केरळचे पत्रकार, दिल्लीत काम करायचे. ऑक्टोबर 2020 मध्ये हाथरसला निघाले होते, जिथे त्या दलित मुलीचं प्रेत पोलिसांनी रातोरात जाळलं तिथे, आणि मथुरेजवळच त्यांना पकडलं, मग यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, लावला. या कायद्यात जामीन मिळणं इतकं अवघड आहे की खटला राहतो बाजूला आणि तुरुंगातले दिवस हीच शिक्षा होऊन बसते. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2022 मध्ये जामीन दिला तरी ईडीची मनी लाँड्रिंगची वेगळी केस होतीच, बाहेर यायला 2 फेब्रुवारी 2023 उजाडला. जवळपास अठ्ठावीस महिने! मधे त्यांची नव्वदीची आई आजारी होती तेव्हा पाच दिवस भेटायला सोडलं, तेही पोलीस बरोबर, आणि चार महिन्यांनी ती गेली तेव्हा मुलगा आतच होता. हे वाचलं की मला तूच दिसतेस आई, म्हणून मला हे शांतपणे बोलता येत नाही.

पण त्यांच्यासाठी त्यांची संघटना पहिल्याच दिवसांत सुप्रीम कोर्टात गेली होती. तालुक्याच्या गावात बातमीमागे पैसे मिळणारा पोरगा असेल तर त्याच्यासाठी कोण जाणार? म्हणून आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक वकील धरून ठेवलेत. 2023 मध्ये दिल्लीत एका दिवसात कितीतरी पत्रकारांचे फोन-लॅपटॉप उचलून नेले, तेव्हापासून मी माझ्याशी बोलणाऱ्या माणसांची नावं फोनमध्ये ठेवत नाही. मला अटकेपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते, माझ्या फोनमुळे दुसऱ्या कुणाच्या दारात पोलीस जायला नकोत.

बाबा, आणीबाणीत अग्रलेखाची जागा कोरी सोडून छापलेला इंडियन एक्सप्रेस तुम्ही कॉलेजात असताना पाहिला होता ना, मला किती वेळा सांगितलंय तुम्ही ते. मी पाचवीत असेन पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. मग आता मला सोड म्हणू नका.

एक काम करा. सोबतच्या चिठ्ठीवर वकिलांचा नंबर दिलाय, तो कालनिर्णयच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. माझं काही झालं तर आधी त्यांना फोन, मग काकांना. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की यूएपीएमध्येसुद्धा अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, तेव्हा कुणी आलं तर कागद मागायचा, बाबा. आणि आई, तू घाबरून कुठेही सही करायची नाहीस.

गणपतीला येतेय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, कोकणकन्येचं तिकीट झालंय.

तुमची,
छकुली