काचेचा पाऊस

दापोली,
१८ नोव्हेंबर

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुझ्याकडच्या गोठणाऱ्या पावसाचा विषय काढला की तू तीनदा "हो बाबा" म्हणतेस आणि चौथ्या वेळी फोन आईकडे द्यायला सांगतेस. म्हणून कागद घेतला. शेजारचा मुलगा याचा फोटो काढून तुला पाठवेल. पत्राला मध्येच "हो बाबा" करता येत नाही.

आज पहाटे सवयीने तुझ्या कॅनडातल्या सेंट जॉन्सचं हवामान बघितलं. एक अंश, पूर्वेचा वारा, पाऊस. तिथे उणे पंधरा दिसलं असतं तर मी चहा घेऊन निवांत बसलो असतो. ती थंडी सरळ असते, समोरून अंगावर येते, माणूस कपडे चढवतो. माझा जीव खालीवर होतो तो या शून्याच्या आसपासच्या आकड्यांनी. गेल्या हिवाळ्यात तुझ्याकडे आलो तेव्हा बर्फाचे ढीग बघायचे होते. बघितले, फोटो काढले, इथे येऊन लोकांना दाखवले. पण मनात राहिला तो पाऊसच.

ती मार्चमधली रात्र तुला आठवत असेल. संध्याकाळी भुरभुर बर्फ पडत होता. दहाच्या सुमाराला खिडकीवर सुपात तांदूळ पाखडल्यासारखा आवाज सुरू झाला, बारीक गारा. मग तोही थांबला आणि आई म्हणाली, "चला, थांबलं एकदाचं." थांबलं काहीच नव्हतं. पाऊस पडत होता, बिनबोभाट, आणि जिथे टेकत होता तिथे काच होत होता. सकाळी बघतो तर कुंपणाची जाळी, झाडाची एकेक काटकी, गाडीच्या दाराची मूठ, मागची कपड्यांची दोरी, सगळ्याला काचेचं वेष्टण. ऊन आलं तेव्हा तर डोळे दिपले. खालच्या मजल्यावरच्या तुझ्या आजीबाई याला 'ग्लिटर' म्हणाल्या. दुसरं नाव त्यांनी सांगितलं 'सिल्व्हर थॉ', म्हणजे रुपेरी वितळणं. गोठणाऱ्या गोष्टीला वितळणं म्हणतात! मला गंमत वाटली. आपल्याकडेही बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणायचं आणि दुकान बंद केलं तरी 'वाढवलं'च म्हणायचं.

हे कसं होतं ते तूच मला तेव्हा कागदावर काढून दाखवलं होतंस. दक्षिणेकडून वादळ येतं ते वर उबदार हवा घेऊन येतं. जमिनीलगत मात्र गार हवेचा पातळ थर ठाण मांडून बसलेला असतो, कारण तुमच्या किनाऱ्याला लागून लॅब्राडोरचा थंड प्रवाह वाहतो. वरून निघालेला बर्फ मधल्या उबेत वितळतो, पाणी होतो आणि खालच्या गारठ्यात शिरतो. हा गारठा जाड असेल तर थेंब वाटेतच गोठतो, त्याच त्या तांदूळ पाखडणाऱ्या गारा. पातळ असेल तर थेंब शून्याखाली जातो पण पाणीच राहतो. बर्फ व्हायला त्याला टेकायला काहीतरी हवं असतं. काटकी, पायरी, रस्ता, तार. तुमच्या गावात असा पाऊस आणि अशी भुरभुर मिळून वर्षाला सरासरी दीडशे तास पडते, कॅनडाच्या कुठल्याही मोठ्या शहरापेक्षा जास्त. अक्षांश बघावा तर तू पॅरिसच्याही दक्षिणेला राहतेस. नकाशावर विश्वास ठेवू नये तो असा.

मी आयुष्यभर तारा ओढल्या, त्यामुळे माझं लक्ष तारांकडे. इथे परत आल्यावर एक दिवस हिशोब मांडला. आपली 'रॅबिट' नावाची विजेची तार घे, साधारण दहा मिलिमीटर जाडीची. मीटरला २१४ ग्रॅम. दोन पोलांमधल्या पन्नास मीटरच्या गाळ्यात तारेचं स्वतःचं वजन पावणेअकरा किलो. तिच्याभोवती सगळीकडून एक इंच बर्फ धरला, तर त्या एका गाळ्यात बर्फच सव्वाशे किलोच्या घरात जातो. म्हणजे एकेका तारेवर दोन धडधाकट माणसं बसवल्यासारखं. शिवाय तार जाड झाल्यामुळे वारा तिला जास्त धरतो, आणि बर्फ एका अंगाला जास्त साचला तर तार उसळायला लागते. ती उसळताना मी तुझ्या खिडकीतून बघितली, आणि तुला हाक मारायचीही शुद्ध राहिली नाही.

आजीबाईंनी १९८४ च्या एप्रिलची गोष्ट सांगितली होती. तेव्हा तारांभोवती पंधरा सेंटिमीटर व्यासाचे बर्फाचे ओंडके झाले होते, तुमच्या अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्पातले दोन लाख लोक कित्येक दिवस अंधारात होते. मी तोही हिशोब केला. पन्नास मीटरला जवळजवळ आठशे किलो. आपला सिमेंटचा पोल काय, कुठलाच पोल त्याला पुरा पडणार नाही. तू जिचं नाव सारखं ऐकतेस ती १७ जानेवारी २०२० ची हिमवृष्टी, एका दिवसात ७६.२ सेंटिमीटर, सैन्य बोलवावं लागलं, आठ दिवस आणीबाणी. ती मोठी खरीच. पण तो बर्फ फावड्याने उचलता येतो. काच उचलता येत नाही.

त्या सकाळी मी बाहेर गेलो म्हणून तू रागावलीस. खरं कारण आज सांगतो. कोपऱ्यावर लाइनची गाडी आली होती, बकेटवाली. वर दोन माणसं, खाली एक. लांब काठीने तारेवरचा बर्फ झोडत होते. बर्फ सुटला की तार हातभर वर उडायची आणि तिघंही आधी तिच्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे. खालच्याला मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "आय लाइनमन. इंडिया. थर्टी फोर इयर्स." त्याने हातमोजा काढला आणि हात पुढे केला. त्या थंडीत हातमोजा काढला, सायली. मी तिथे दहा मिनिटं उभा राहिलो ते एवढ्यासाठी.

आता या वर्षी तू एकटी आहेस आणि तुझ्याकडे गाडी आहे, म्हणून चार गोष्टी.

पडलेली तार मेलेली आहे असं कधीच समजायचं नाही. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून काही होत नाही. शेजाऱ्याने जनरेटर चुकीचा जोडला असेल तर रिटर्न सप्लाय येतो, म्हणजे वीज घरातून उलटी तारेत जाते, आणि ट्रान्सफॉर्मरमधून चढत हजारो व्होल्टची होते. आमची माणसं त्याने गेली आहेत. एखाद्या बसच्या लांबीएवढं लांब थांबायचं आणि फोन करायचा.

तुझ्या घरात गरम करायचं यंत्र विजेवर, शेगडी विजेवर, पाणी विजेवर. लाइट गेली की सगळंच गेलं. अशा वेळी लोक बार्बेक्यूची शेगडी घरात घेतात, तळघरात जनरेटर लावतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो, माणूस झोपेतच जातो. तू असलं करणार नाहीस हे मला माहीत आहे, पण तळमजल्यावर नवीन आलेल्या पोरांना सांग. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू करण्याआधी मागची धुराची नळी मोकळी करायची, कारण तेच. पायरीवर मीठ टाकतेस ते उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू टाक. आणि गोठणाऱ्या पावसाचा इशारा आला की गाडी काढायचीच नाही. चार चाकांची बर्फाची टायर लावली आहेत ना, असं तू म्हणशील. ती टायर बर्फासाठी आहेत, ओल्या काचेसाठी नाहीत. ऑफिसला सुट्टी कळवायची. साहेब काय म्हणेल ते म्हणेल.

आता मूळ मुद्दा. आम्ही मार्चअखेरीला परत आलो आणि एप्रिलात तू त्या उतारावरच्या बसथांब्यावर पडलीस. मनगट मोडलं. हे आम्हाला कळलं गणपतीत, तुझी मैत्रीण व्हिडिओवर आईला मोदक दाखवता दाखवता बोलून गेली म्हणून. तोवर काय, तर सहा आठवडे तुझा कॅमेरा बिघडला होता. आई रोज म्हणायची, पोरीला नवीन फोन घ्यायला पैसे पाठवूया. मी चौकशीसुद्धा करून आलो होतो दुकानात.

आई दोन दिवस बोलली नाही. मी तुला रागावलो नाही, याचं तुला नवल वाटलं असेल. रागवायला तोंड कुठे होतं? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा तू लॉकडाऊनमुळे घरीच होतीस. मी सतरा दिवस सबस्टेशनलाच झोपायचो, अंघोळीपुरता घरी यायचो. पाचव्या का सहाव्या दिवशी आडव्या झालेल्या पोलावरून घसरलो आणि बरगडीला तडा गेला. घरी सांगितलं, थोडं खरचटलंय. पोटाला पंचा घट्ट बांधून पुन्हा कामावर. तू तेव्हा काही विचारलं नाहीस. पण बादली तू उचलून न्हाणीत ठेवायला लागलीस, आणि एक दिवस आईला विचारलंस, "बाबा डाव्या कुशीवर का झोपत नाहीत?" ते मी ओटीवरून ऐकलं होतं.

तर हे तू कुठून उचललंस ते मला ठाऊक आहे. माझ्या आईपासून मी लपवलं, तुझ्यापासून लपवलं, आणि मनात समजायचो की समोरच्याचा घोर वाचवतोय. तो वाचत नाही. तुझ्या कॅमेऱ्याच्या सहा आठवड्यांत आईने रोज रात्री तुझा आवाज ऐकून मला विचारलं, "ही नीट आहे ना?" मी म्हणायचो, "कॅमेराच बिघडलाय फक्त." मला आतून माहीत होतं. लाइनमनला खोटा फॉल्ट कळतो.

सिग्नल हिलवर आपण गेलो होतो तेव्हा वाऱ्याने आईची शाल उडवली होती, आठवतं? १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने तिथेच बिनतारी संदेश पकडायची तार हवेत चढवली, आदल्या दिवशी फुगा वाऱ्याने नेला म्हणून दुसऱ्या दिवशी पतंगाला बांधून. समुद्रापलीकडून त्याला तीन टिकटिक ऐकू आल्या, मोर्सचं एक अक्षर. तेवढ्यावर त्याचं भागलं. आमचंही तेवढ्यावर भागेल. हवा बिघडली की एक शब्द पाठव, "काच". कुठल्याही वेळी. आपल्यात बरोबर नऊ तास आहेत, आपलाही घड्याळात अर्धा तास वाकडा आणि तुमचाही, त्यामुळे हिशोब सोपा. मी पहाटे साडेचारला उठतोच.

आईने कुळथाचं पीठ, मेतकूट आणि आमसुलं पाठवली आहेत. बुटांना लावायचे ते खिळ्यांचे ग्रीपर तिथेच घे, इथे मिळत नाहीत. डाव्या मनगटाला पट्टा लागतो का अजून, ते लिही.

रविवारी तुझ्या सकाळी नऊला, आमच्या संध्याकाळी सहाला फोन करतो. कॅमेरा चालू ठेव.

तुझा,
बाबा