चिऊच्या पेशी

वडगाव, बेळगाव

प्रिय सुमी,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, रागावली असशील. रागाव, पण आधी वाच. इथे सगळे ठीक. यांचा गुडघा दुखतो, सासूबाईंची शुगर आहे तशीच आहे.

गेल्या मंगळवारी चिऊचं रक्त दिलं. उपचारासाठी नाही, तिच्या आजाराच्या, रेट सिंड्रोमच्या, संशोधनासाठी. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेने विचारलं होतं. तिचे हात दिवसभर एकमेकांत घोळत असतात ना, धुतल्यासारखे, ते मी माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवले. सुई आत जाईपर्यंत माझ्या तळव्यात ती हालचाल चालूच होती. रडली नाही गं, माझ्याकडे बघत राहिली.

आता त्या रक्तपेशींना उलट्या पावली नेऊन त्यांच्या मूलपेशी करणार, म्हणजे ज्यांच्यापासून कुठलीही पेशी घडवता येते अशा. जपानच्या शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर हे करून दाखवलं, चार जनुकं घालून. मला शिकवतेस काय, म्हणशील. शिकवणारच! बारावीत बेडूक कापायला मी नाही म्हटलं म्हणून आठ दिवस बोलली नव्हतीस, ते मी विसरलेली नाही.

त्या मूलपेशींपासून चेतापेशी, म्हणजे मेंदूतल्या पेशी, वाढवायच्या. शिवाय त्याच पेशींची दुसरी जोडी करायची, क्रिस्परने, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापायच्या तंत्राने, जिच्यामुळे हा आजार होतो ती एमईसीपी-२ जनुकातली तेवढी एक चूक दुरुस्त केलेली. दोन्ही शेजारी वाढवून बघायचं, वाट कुठे चुकते. डॉक्टरीणबाई हिंदीतून सांगत होत्या, मला अर्धंच उमगलं. घरी यांना सांगितलं, तर हे माग थांबवून म्हणाले, "म्हणजे ताणा तोच, सूत तेच, फक्त तुटलेली एक तार सांधलेली. कापड सुधारलं तर दोष त्या तारेचाच." मग मलाही नीट कळलं.

२०१० साली रेट सिंड्रोमच्या मुलांच्या पेशींपासून अशाच चेतापेशी केल्या होत्या. त्या आकाराने लहान निघाल्या, एकमेकींशी जोडही कमी. आणि त्याच्या तीन वर्षं आधी एड्रियन बर्ड या शास्त्रज्ञांच्या उंदरांत बंद ठेवलेलं हे जनुक उशिरा सुरू केलं, तरी आजारी उंदीर सुधारले. म्हणून मी सही केली. आणखी एक ऐक, ही चूक बहुतेक वेळा नव्यानेच होते, तीही वडिलांच्या बीजपेशीत. कुणाचा दोष नाही. माझ्या गरोदरपणातल्या ग्रहणाचा तर नाहीच नाही. यांना मात्र हे अजून सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

एवढं कळतं, तरी रात्री डोळ्याला डोळा नाही. बेंगळुरूत एका डिशमध्ये चिऊच्याच पेशी चांगल्या होतील. फांद्या फुटतील, एकमेकींना जाऊन भिडतील. आणि इथे माझी सात वर्षांची चिऊ, जिने चौदाव्या महिन्यात चमचा धरला होता, "आई" म्हटलं होतं, आणि दुसरं वर्ष सरायच्या आत दोन्ही हरवलं. मला त्या डिशचा हेवा वाटतो, सुमे. बोलायची लाज वाटते, पण तुझ्यापाशी नाही.

मी बाईंना विचारलंच, दुरुस्त केलेल्या पेशी हिला परत देता येतील का? त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, नाही, या बघण्यासाठी आहेत, आणि डिशमधल्या चेतापेशी वयाने पोटातल्या बाळासारख्याच राहतात. म्हणजे ती आत लाथा मारत होती आणि मी मोजत बसले होते, त्या दिवसांतल्या. तेव्हाच काही बिनसत होतं का, हे त्यांना दिसेल. मला बघायचं आहे आणि नाहीही.

तुझ्या बदलीचं काय झालं? बाळूची दहावी कशी चालली आहे? त्याला म्हणावं, मावशी आठवण काढते.

फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता, शेजारच्या मुलीने वाचून दाखवला. त्यातला एक चौकोन मी कोरा ठेवला आहे: पेशी कित्येक वर्षं गोठवून ठेवायच्या आणि इतर प्रयोगशाळांनाही द्यायच्या, याला हो की नाही. चिऊला विचारता येत नाही. सोमवारी त्यांचा फोन येईल. तू रविवारी गडहिंग्लजहून सकाळची गाडी धर. फॉर्म तुझ्या हातात देते, आधी तू वाच.

तुझी,
शालू