मुखवटा क्रियापदानं फाडला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजीतून मराठीत आलेल्या एका कादंबरीचं परीक्षण आलं आहे. शापित वाडा, ओलीस ठेवलेली नायिका, प्रेमात पडावं की पळून जावं असा प्रश्न पाडणारा नायक आणि मधूनमधून स्वतःची कहाणी सांगणारा एक मुखवटा. मुखवट्यामागं बाई आहे हे फार लवकर कळतं, असा दोष परीक्षणात मूळ लेखिकेच्या माथी मारला आहे. तिची त्यात काही चूक नाही. घात मराठी क्रियापदानं केला.

इंग्रजीत 'मी' गेला काय नि गेली काय, क्रियापद ढिम्म असतं. मराठीत मुखवट्याचं दुसरंच वाक्य 'मी पायऱ्या उतरले' असं आलं आणि अख्ख्या पुस्तकाचं रहस्य एका 'ले'त संपलं.

हे टाळता येत होतं. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद बहुधा कर्माच्या मागं जातं: 'मी कमान ओलांडली', 'मी दिवा विझवला'. बोलणारं कोण, पत्ता लागत नाही. 'मी हसले'ऐवजी 'मला हसू आलं', 'मी म्हणाले'ऐवजी 'मी म्हटलं'. भविष्यकाळात 'मी येईन', रोजच्या गोष्टीला 'मी जात असे'. सगळ्यात दगा देतो तो वर्तमानकाळ. 'मी बघते' आलं की वाक्यच फिरवावं लागतं, 'मला दिसतंय'. 'विसरणे', 'शिकणे' ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्यालाच धरून राहतात, म्हणून 'मी नाव विसरले'ला 'नाव माझ्या लक्षातून गेलं' हाच उतारा. शिवाय 'एकटी', 'दमलेली' ही विशेषणं चाळून काढायची. 'मला, मला'ची माळ लागली की वाचायला कंटाळा येतो, हे खरं. पण मुखवट्याची प्रकरणं दोन-दोन पानांचीच आहेत. (तसं आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायकाही सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. मुखवट्याला आमची बोली दिली असती तर प्रश्नच मिटला असता!)

दुसरी गोष्ट परीक्षणात आलीच नाही. नायक-नायिका पहिल्या भेटीपासून एकमेकांना 'तू' म्हणतात. तळघरात कोंडलेली मुलगी वाड्याच्या धन्याला पहिल्याच रात्री 'तू कोण आहेस?' विचारते. मग पुढं जवळीक वाढली हे वाचकानं ओळखावं कशावरून? तिनं 'तुम्ही'च म्हणत राहायला हवं होतं आणि चाकू उगारते त्या प्रसंगात तोंडून 'तू' निसटायला हवं होतं. आपल्याकडं देवाला आणि भांडणात, दोन्हीकडं एकेरीच. त्यानंतर तिला पुन्हा 'तुम्ही'वर जाता आलं नाही, की प्रेम सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

'शाप' आणि 'करणी' यांचीही सरमिसळ आहे. शाप तोंडून निघतो, त्याला उःशाप असतो. करणी कुणीतरी करतं आणि ती उतरवावी लागते. इथं पान उलटलं की एकाच गोष्टीला दुसरा शब्द, त्यामुळं शेवटी नायिका नक्की काय मोडते तेच कळत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत निदान मुखवट्याची प्रकरणं तरी दुरुस्त व्हावीत. अवघड वाटत असेल तर हे पत्र पुन्हा वाचावं. लिहिणारा की लिहिणारी, ते सापडतंय का बघावं.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली