बेल्टच्या प्रीटेन्शनरचे पैसे घेऊन रेझिस्टर बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

12 मे रोजी कात्रज घाटात पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि माझी गाडी त्याच्यावर आदळली. एअरबॅग उघडल्या नाहीत, पण ‘फट्’ असा आवाज झाला, बेल्ट छातीशी करकचून आवळला गेला आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आला. तो वास मला नवा नाही; खडकीच्या दारूगोळा कारखान्यात 31 वर्षे काढली आहेत. बेल्टच्या प्रीटेन्शनरने, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणाऱ्या भागाने, आपले काम चोख केले. तक्रार त्यानंतरची आहे.

गाडी तुमच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नऊ दिवस होती. बिलात ‘सीट बेल्ट, प्रीटेन्शनरसह, ड्रायव्हर बाजू’ यापुढे 14,200 रुपये लावले आहेत. बिघाड दाखवणारा एअरबॅगचा दिवा विझलेला, बेल्ट ओढला की येतो, हिसका दिला की अडकतो. शंका यायचे कारणच नव्हते. गेल्या रविवारी मागचा कॅमेरा बसवताना इलेक्ट्रिशियनने दाराजवळचे प्लास्टिक काढले, तेव्हा पिवळ्या कनेक्टरमध्ये टेप गुंडाळलेला रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा सुटा तुकडा, निघाला. बेल्ट खालच्या मॉडेलचा, साधा, प्रीटेन्शनर नसलेला. प्रीटेन्शनर जागेवरच आहे असे एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला भासवून दिवा विझवला होता. पाच रुपयांचा तुकडा!

‘‘बेल्ट लॉक होतो ना काका, मग झालं,’’ असे सुपरवायझर फोनवर म्हणाले. लॉक झालेला बेल्ट पुढे सुटत नाही, एवढेच. अंगावरचा ढिला पट्टा ढिलाच राहतो. प्रीटेन्शनरमध्ये कंट्रोल युनिटच्या करंटने चिमूटभर दारू पेटते, तिचा वायू रीळ उलटे फिरवतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास तो ढिला पट्टा आत ओढला जातो. माणूस पुढे फेकला जायच्या आत सीटला आवळला जातो. हे एकदाच होते. फुटलेला प्रीटेन्शनर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्याचेच तर पैसे तुम्ही घेतलेत.

दुसरी गोष्ट मी वर्कशॉपच्या काचेतून स्वतः पाहिली. शेजारी कोणी बसलेले नव्हते, त्यामुळे डावा प्रीटेन्शनर फुटला नव्हता. एक पोरगा त्याच्या तारांना मीटर लावून तो ‘चेक’ करत होता, बॅटरी जोडलेलीच, आणि दुसरा तो बसवलेल्या दाराशेजारच्या खांबावरच हातोडी चालवत होता. आमच्या कारखान्यात असे कोणी केले असते तर त्याच दिवशी गेटबाहेर गेला असता. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, मग मॅन्युअलमध्ये दिली आहेत तेवढी मिनिटे थांबायचे, कारण कंट्रोल युनिटच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. प्रीटेन्शनरला मीटर लावायचा नाही, ठोकायचे नाही, उष्णता लागू द्यायची नाही. पोरांना दोष देत नाही. त्यांना कोणी शिकवलेलेच दिसत नाही.

गाडी सध्या दारात उभी आहे, रेझिस्टर जागेवरच ठेवला आहे. तुमच्या इंजिनिअरने येऊन तो पाहावा आणि गाडी टो करून न्यावी, मी ती चालवणार नाही. उजवीकडे बिलातला अस्सल भाग बसवावा, हातोडी खाल्लेला डावाही बदलावा आणि दोन्हींचे क्रमांक मला लेखी द्यावेत. त्या वर्कशॉपमध्ये अपघातानंतर बेल्ट बदललेल्या बाकीच्या गाड्याही उघडून पाहाव्यात. त्यांच्या मालकांच्या डॅशबोर्डवरही दिवा विझलेलाच असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर बिल आणि फोटो घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, कनेक्टरचे चार फोटो