तक्रार: साफसफाई अडवली तुमच्या एजंटने, बिल आम्हाला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

विषय: देखरेख एजंटमुळे (डेटाबेसवर लक्ष ठेवणाऱ्या तुमच्या प्रोग्राममुळे) ऑटोव्हॅक्यूम (डेटाबेसची आपोआप होणारी साफसफाई) निष्फळ ठरल्याबाबत व वाढीव स्टोरेजच्या आकारणीबाबत

महोदय,

आमचा पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस तुमच्या सेवेवर चालतो. त्यातलं कामांच्या रांगेचं टेबल मंदावल्याची तक्रार मी केली होती. "तुमच्या रो लॉकिंगचा दोष" (रो म्हणजे टेबलातली ओळ, आणि काम चालू असताना ती इतरांसाठी अडवून ठेवणं म्हणजे लॉकिंग) असा शेरा मारून तुम्ही ती बंद केलीत. ती पुन्हा उघडावी, यासाठी हे पत्र.

लॉकिंगचं आधी निकालात काढतो. रांगेतली कामं उचलणारे आमचे प्रोग्राम, म्हणजे वर्कर, 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरतात. दुसऱ्याने धरलेली रो दिसली की ती सोडून पुढची घेतात, ताटकळत नाहीत. मंदावलेल्या काळात पीजी_लॉक्समध्ये, म्हणजे लॉकच्या यादीत, मंजुरीची वाट पाहणारं एकही लॉक नव्हतं. वेळ जात होता तो मेलेल्या, म्हणजे कालबाह्य झालेल्या, रो ओलांडण्यात. अपडेट झाल्यावर मागे राहिलेली जुनी आवृत्ती व्हॅक्यूमने उचलायची असते, पण एखाद्या जुन्या स्नॅपशॉटला (ठराविक क्षणी डेटा कसा होता त्या चित्राला) ती अजून दिसू शकत असेल तर तिला हात लावता येत नाही. आमच्याकडे ऑटोव्हॅक्यूम वेळच्या वेळी येत होता, टेबल चाळत होता आणि रिकाम्या हाताने परत जात होता. व्हॅक्यूम व्हर्बोजच्या (सफाईचा तपशील देणाऱ्या आदेशाच्या) अहवालात मेलेल्या जवळपास सगळ्या रो 'अजून काढता येत नाहीत' याच खात्यात होत्या.

कोण अडवतंय ते चालू जोडण्यांच्या यादीत, म्हणजे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत दिसलं. तुमच्या देखरेख एजंटच्या जोडणीचा बॅकएंड_एक्समिन (तिचा स्नॅपशॉट किती जुना ते सांगणारा आकडा) सकाळी होता तोच संध्याकाळी. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्रियांचा गट) कधी सुरू झालं, जोडणी निवांत बसली आहे की काम करते आहे, हे रकाने आम्हाला कोरे दिसतात, कारण तेवढे अधिकार तुम्ही दिलेले नाहीत. ती जोडणी सुपरयूजरची (सर्वाधिकारी खात्याची), म्हणजे आम्हाला बंदही करता येत नाही.

यावर तुमच्या अभियंत्यांनी चाचणी घेऊन "उघड्या ट्रान्झॅक्शनने सफाई अडत नाही" असं कळवलं. चाचणीची स्क्रिप्ट पाठवलीत ते बरं केलंत. बिगिन (ट्रान्झॅक्शनची सुरुवात), एक सिलेक्ट (वाचन), मग दुसऱ्या सेशनमधून अपडेट आणि व्हॅक्यूम. पण हे सगळं रीड कमिटेड या आयसोलेशन लेव्हलवर (ट्रान्झॅक्शनला इतरांचे बदल कधी दिसावेत ते ठरवणाऱ्या पातळीवर)! तिथे सिलेक्ट संपलं की स्नॅपशॉट सुटतो, मग ट्रान्झॅक्शन दिवसभर उघडं ठेवा, व्हॅक्यूमला अडचण नाही. तुमचा एजंट रिपीटेबल रीड या दुसऱ्या पातळीवर चालतो, हे तुमच्याच माहितीपत्रकात आहे. तिथे पहिल्या क्वेरीला घेतलेला स्नॅपशॉट ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहतो. तुमच्या स्क्रिप्टमधल्या बिगिनपुढे 'आयसोलेशन लेव्हल रिपीटेबल रीड' एवढं जोडून आम्ही ती पुन्हा चालवली. व्हॅक्यूमने एकही जुनी आवृत्ती काढली नाही. पहिल्या सेशनमध्ये कमिट करून ट्रान्झॅक्शन संपवल्यावर त्याच व्हॅक्यूमने सगळ्या उचलल्या. दोन्ही वेळचा अहवाल सोबत जोडला आहे.

त्यात भर म्हणजे 'व्हॅक्यूम फुल चालवा' हा तुमचा सल्ला. हा आदेश टेबल नव्या फाइलमध्ये लिहून काढतो आणि तोवर संपूर्ण टेबलावर अ‍ॅक्सेस एक्सक्लूझिव्ह लॉक घेतो, साधं सिलेक्टसुद्धा थांबतं. आमचं काम तेवढा वेळ ठप्प झालं, ते एकवेळ सोडून देतो. पण जुना स्नॅपशॉट जिवंत असताना व्हॅक्यूम फुलसुद्धा त्याला दिसणाऱ्या मेलेल्या रो नव्या फाइलमध्ये जशाच्या तशा उतरवून घेतो. टेबल फारसं आटलं नाही. उलट नवी प्रत लिहिताना जागा जास्त लागली, तुमच्या स्वयंचलित विस्ताराने डिस्क वाढवली आणि ती पुन्हा लहान करता येत नाही, असं तुम्हीच कळवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तेव्हा एजंटचं काम छोट्या ट्रान्झॅक्शनांत तोडावं आणि त्याच्या रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला) आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून निवांत बसलेली जोडणी ठराविक वेळाने तोडणारी मर्यादा) लावावा. ही सोय 9.6 पासून आहे, फक्त मुळात 0 म्हणजे बंद असते. आम्हाला वरचे कोरे रकाने दाखवणारा पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स हा रोल द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज बांधत बसावं लागणार नाही. एजंटची प्रत्येक नवी आवृत्ती सोडण्याआधी वरची चाचणी रिपीटेबल रीडवर, एकाच डेटाबेसमधल्या वेगवेगळ्या सेशनमधून चालवावी. दुसऱ्या डेटाबेसमधला स्नॅपशॉट आमच्या टेबलाची सफाई अडवत नाही, त्यामुळे तसली चाचणी उत्तीर्ण होऊनही उपयोग नाही.

वाढलेल्या डिस्कची आकारणी रद्द करून आमचा डेटा मूळ आकाराच्या डिस्कवर तुमच्या खर्चाने हलवावा. पुढचं बिल निघण्याआधी लेखी उत्तर अपेक्षित आहे. मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला कृपया पुन्हा पाठवू नये.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: दोन्ही चाचण्यांचे व्हॅक्यूम व्हर्बोज अहवाल