वेगळ्या पिशवीतली गोळी : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे डिप्रेशनची गोळी वेगळ्या पिशवीत मागतात. बीपीची, शुगरची, गुडघ्याची औषधं एकीत. एस्सिटालोप्राम नाहीतर सर्ट्रालिन दुसरीत, घडी घालून पर्सच्या तळाशी. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, बाकीचे डॉक्टर गावात. गावातल्या डॉक्टरांना ही गोळी कुणी सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेचा मुलगा म्हणाला, ‘‘आई दोन दिवस काहीबाही बरळतेय. वय झालं आता.’’ वयाचा संबंध नव्हता. रक्तातलं सोडियम ११४ वर आलं होतं; ते १३५च्या खाली जायला नको. डिप्रेशनची गोळी सोडियम उतरवू शकते, हायड्रोक्लोरोथायझाइड घातलेली बीपीची गोळीही उतरवते, आणि उतारवयात दोन्ही एकदम सुरू असतील तर धोका वाढतो. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. दोन्ही गोळ्या माझ्याच काउंटरवरून गेल्या होत्या, आठ दिवसांच्या अंतराने. मी विचारलं नाही. बाई वाचल्या.

त्यानंतर मी चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवून बघू लागलो. कंबरदुखीला सर्रास लिहिलं जाणारं ट्रामाडॉल या गोळ्यांबरोबर गेलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून थरथर, घाम, ताप, कधी फिट. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीबरोबर पोटात रक्तस्रावाची शक्यता जास्त. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घेतलं तर शरीरात त्याचं काम करणारं रूप पुरेसं तयार होत नाही. बाई वर्षानुवर्षं गोळी घेत राहते, कुणाला काही कळत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी सरकार मोफत देतं त्या उपचारात लिनेझोलिड असतं. त्याचं आणि या गोळ्यांचं तर चांगलंच वाकडं. (क्षयाचं खातं आपलं नाही, ठाऊक आहे. मंत्रिमंडळ एकच आहे म्हणून लिहिलं.)

म्हणून डिप्रेशनची गोळी बंद करा, असं कुणी यातून काढू नये. ती एकदम सोडली तर वेगळा त्रास. बदल करायचा तो डॉक्टरांनी: एखादी गोळी बदलून, डोस कमी करून, नाहीतर सोडियम तपासत राहून.

नवा कायदा नको, साहेब. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ पासून आहेत. औषध देताना फार्मासिस्टने स्वतः रुग्णाशी बोलावं, इतर औषधांशी होणाऱ्या परिणामांची कल्पना द्यावी, हे त्यांत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच गावी. आमच्याच धंद्यातलं उघडं गुपित आहे. लिहिल्याबद्दल संघटनेतले मित्र माझ्यावर रागावतील.

आपले निरीक्षक येतात, बिलं बघतात, शेड्यूल एच-१ चं (वेगळी नोंद ठेवून विकायच्या औषधांचं) रजिस्टर बघतात, फ्रिजचं तापमान बघतात. तिथेच दहा मिनिटं त्यांना काउंटरपाशी उभं करा. ‘‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’’ हे गिऱ्हाइकाला कुणी विचारतं का, एवढं पाहून तपासणीच्या कागदावर नोंदवायला सांगा. आणि हा प्रश्न बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारायचा नाही, हेही त्यांना सांगा. नाहीतर माणसं ती गोळी घ्यायला शेजारच्या तालुक्यात जातील.

सुरुवात माझ्या दुकानापासून केली तरी हरकत नाही. त्या शिक्षिका दर महिन्याच्या पाच तारखेला येतात, पिशवी अजून वेगळीच मागतात. मी देतो, पण आधी दुसरी उघडून बघतो.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट